संघात एकही उंच मुलगा नाही

ती. बाबा आणि आई,

साष्टांग नमस्कार.

बाबा, "या वयात गेम कसला खेळतेस?" या तुमच्या प्रश्नाचं उत्तर फोनवर दोन वाक्यांत देता येईना, म्हणून हे पत्र. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डोळ्यांना त्रास नको म्हणून अक्षर मोठं ठेवलं आहे. शिवाय माझं तुम्हा दोघांकडे एक काम आहे, ते शेवटी सांगते.

गेमचं नाव हूप्स डायनॅस्टी. यात पडद्यावर पळणारी माणसं नाहीत, बटणं दाबून चेंडू टाकायचा नाही. मी एका अमेरिकन कॉलेजच्या बास्केटबॉल संघाची प्रशिक्षक आहे, एवढंच. कॉलेजं खरी, मुलं मात्र संगणकाने घडवलेली. (आई, म्हणजे कुणाच्या पोटच्या पोराला मी बाकावर बसवून ठेवत नाहीये.) संघात बारा मुलं. वेग, दम, बचाव, रिबाउंड (म्हणजे हुकलेला चेंडू झेलणं), लांबून नेम, मेहनत, अशा प्रत्येक गुणाला शंभरपैकी मार्क. मुलं शिकून बाहेर पडतात, की त्यांच्या जागी नवी भरती करायची. डावपेच मी आधी ठरवून ठेवते, सामना संगणक खेळवतो, मी निकाल वाचते. समोरच्या बऱ्याच संघांचे प्रशिक्षक माझ्यासारखेच नोकरीधंदा सांभाळून बसलेले कोणीतरी.

नव्या प्रशिक्षकाला सुरुवात तिसऱ्या, म्हणजे सर्वांत खालच्या, श्रेणीतल्या कॉलेजपासूनच करावी लागते. इथेच गोम आहे. उंच, धिप्पाड आणि वर हाताला नेम असलेला मुलगा सगळ्यांनाच हवा असतो, आणि तो नावाजलेल्या कॉलेजात जातो. आमच्या वाट्याला उंच पण जागचा न हलणारा किंवा उंच पण चेंडू हातातून निसटणारा येतो. बहुतेक प्रशिक्षक त्यालाच घेतात, कारण रिंगखाली कोणीतरी उंच उभा हवा अशी रीत आहे. मी ठरवलं की उंची विकतच घ्यायची नाही. बाराच्या बारा मुलं चपळ आणि दमदार, आणि पूर्ण मैदानभर प्रेस. म्हणजे प्रतिस्पर्ध्याने चेंडू आत टाकला की त्यांच्याच टोकाला त्यांना घेरायचं. कबड्डीत चढाईपटू मध्यरेषा ओलांडतो न ओलांडतो तोच अख्खा बचाव पुढे सरकावा, तसं.

हे खूळ माझं एकटीचं नाही. मी राहते तिथून गाडीने तासाभरावर, इंटरस्टेट ८० या महामार्गाच्या कडेला ग्रिनेल नावाचं गाव आहे. तिथल्या कॉलेजात डेव्हिड आर्सेनॉल्ट हे १९८९ मध्ये प्रशिक्षक म्हणून आले. संघ वर्षानुवर्षं हरणारा. त्यांनी पाचही खेळाडू एकदम बाहेर काढून नवे पाच आत पाठवायला सुरुवात केली, तेही मिनिटा-दीड मिनिटाला, म्हणजे जो मैदानात असेल तो जीव तोडून पळेल आणि बाकावर कोणी कुजणार नाही. बाबा, तुम्हाला आवडेल अशी गोष्ट म्हणजे त्यांनी जिंकण्याचं सूत्रच मांडलं: सामन्यात ९४ शॉट मारा, त्यातले ४७ तीन गुणांच्या रेषेबाहेरून, हुकलेल्या शॉटपैकी एक तृतीयांश चेंडू परत मिळवा, समोरच्यापेक्षा २५ शॉट जास्त घ्या आणि त्यांच्याकडून ३२ वेळा चेंडू हिसकावा. याच संघाच्या जॅक टेलरने २० नोव्हेंबर २०१२ ला एका सामन्यात एकट्याने १३८ गुण केले. १०८ शॉट मारले, ५२ आत गेले. निकाल १७९-१०४. मला स्वतःला तो विक्रम जरा बटबटीत वाटतो, कारण सगळ्यांना खेळवण्यासाठी निघालेली पद्धत त्या दिवशी एकाच मुलासाठी राबली.

माझा खरा आदर्श वेगळा आहे. १७ मार्च २०२३ ला फेअरली डिकिन्सन या छोट्या विद्यापीठाच्या संघाने पर्ड्यू या बलाढ्य विद्यापीठाला ६३-५८ असं हरवलं. पर्ड्यूचा झॅक ईडी सात फूट चार इंच. फेअरली डिकिन्सन हा त्या वर्षी पहिल्या श्रेणीतला सर्वांत बुटका संघ, आणि त्यांचा डेमेट्रे रॉबर्ट्स पाच फूट आठ. प्रशिक्षक टोबिन अँडरसन त्याच हंगामासाठी दुसऱ्या श्रेणीतून आले होते आणि येताना आपले तीन खेळाडू सोबत घेऊन आले होते. उंच माणसापर्यंत चेंडूच नीट पोचू द्यायचा नाही, पोचलाच तर दोघातिघांनी घेरायचं. बस्स.

आता बाबा, तुमचा आक्षेप मला इथूनच ऐकू येतोय. चेंडूची प्रत्येक फेरी म्हणजे एक नाणेफेक धरली आणि तीत एकाची बाजू ६० टक्के वेळा पडत असेल, तर दुबळ्याने कमीत कमी फेका मागाव्यात. एकच फेक असेल तर दुबळा ४० टक्के वेळा जिंकतो. पाच फेकांत ज्याच्या जास्त तो विजयी असं ठरवलं तर ३२ टक्के. आणि १०१ फेका केल्या तर जेमतेम २ टक्के. मग दुबळ्या संघाने पळापळ करून चेंडूच्या फेऱ्या कशाला वाढवायच्या? प्रिन्स्टन विद्यापीठाचे प्रशिक्षक पीट कॅरिल यांनी तुमचंच गणित चालवलं. १९९६ मध्ये आदल्या वर्षीच्या विजेत्या यूसीएलए विद्यापीठाला त्यांच्या मुलांनी ४३-४१ असं हरवलं. पास, पास, पुन्हा पास, आणि घड्याळ संपत आलं की बचावाच्या पाठीमागून आत घुसायचं. गेममध्ये संथ खेळण्याची सोय आहे, आणि फारच तगडा संघ समोर आला की मीही ती वापरते.

पण प्रेसमध्ये नाणं तेच राहत नाही. बारा जण आलटून पालटून पळतात आणि समोरचे सातआठच खेळतात, तेव्हा उत्तरार्धात त्यांचा दम उतरतो. ६० चे ५५ होतात, कधी ५० च्या खाली जातात. म्हणजे फेका वाढवल्याचा तोटा आहे, पण त्या फेकांनीच नाणं झिजतं. कुठल्या संघासमोर कोणतं पारडं जड, हे सामन्याआधी ताडणं हाच माझा रात्रीचा उद्योग. ज्यांच्याकडे आमच्याइतकीच दमदार मुलं आहेत आणि चेंडू नीट हाताळणारे दोघेतिघे आहेत, ते आमची प्रेस फोडून सरळ रिंगखाली जातात, आणि तिथे आमचं कोणीच उंच नसतं. रिबाउंड तर आम्ही जवळजवळ दान करतो. फाउल होतात ते वेगळेच. आम्ही काही अजिंक्य वगैरे नाही. पण सरळ रीतीने संघ बांधला असता तर ज्यांच्यासमोर उभंही राहता आलं नसतं, त्यातल्या काहींना हरवलं आहे.

या पद्धतीची किंमत लगेच मोजावी लागते. प्रत्येक मुलाला प्रत्येक डावपेचात ए, बी, सी असा ग्रेड असतो, आणि तो सरावाची मिनिटं घालून हळूहळू वाढतो. आधीच्या प्रशिक्षकाने मॅन-टू-मॅन (म्हणजे प्रत्येकाने समोरच्या एकेकाला धरायचं) शिकवलेली शेवटच्या वर्षाची मुलं प्रेसमध्ये अगदीच भांबावली. ती बाहेर पडेपर्यंत आम्ही मार खाल्ला. म्हणून दुसरी एक वाकडी चाल केली: एकाच वर्षी सहा मुलं भरती करायची. केंटकी विद्यापीठाने २०१२ मध्ये पहिल्या वर्षाच्या अँथनी डेव्हिससारख्या मुलांवर विजेतेपद मिळवलं आणि ती लगेच एनबीएत, म्हणजे व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये गेली. आमची सहा जणं कुठेच जाणार नाहीत. चौथ्या वर्षी सहाही एकदम पिकतील. पाचव्या वर्षी दुष्काळ, तो पत्करला आहे.

आई, आता तुझा भाग. भरती करताना मुलाला शब्द देता येतो, तू सुरुवातीच्या पाचात खेळशील किंवा तुला इतकी मिनिटं मिळतील. असा शब्द दिला की तो पटकन येतो. पण मोडला तर त्याची मेहनत घटते आणि तो दुसऱ्या कॉलेजात निघूनही जाऊ शकतो. सगळ्यांना सारखं खेळवणाऱ्या संघात असा शब्द द्यायचा कुणाला? मी अजून कुणालाच दिलेला नाही आणि त्यामुळे दोन चांगली मुलं हातची गेली आहेत. वसतिगृहाची रेक्टर म्हणून इतकी वर्षं तू शेकडो पोरं ओळखलीस. कोण टिकणार आणि कोण दिवाळीच्या सुट्टीत घरी गेला की परत येणार नाही, हे तू पहिल्या आठवड्यात सांगायचीस. मला नुसते आकडे दिसतात.

तर काम असं. एक जागा आहे, मुलं दोन. पहिला सहा फूट नऊ इंच, रिबाउंडला फार चांगला, पण दम शंभरात ५२ आणि मेहनत ३०. दुसरा सहा फूट एक, दम ८४, मेहनत ७८, वेग उत्तम, पण लांबून नेम अजिबात नाही आणि तो सुरुवातीच्या पाचात जागा मागतोय. उंच मुलगा घेतला तर माझं खूळ मोडतं, बुटका घेतला तर शब्द द्यावा लागतो.

बाबा, तुम्ही वहीत मांडून बघा. आई, तू न मांडता सांग. दोघांची उत्तरं वेगळी आली तरी तुम्ही आपसांत मिटवू नका, तशीच कळवा. भरतीची मुदत रविवारी संपते, म्हणून शनिवारी सकाळी तुमच्या चहाच्या वेळी फोन करते. आणि बाबा, डोळ्यांत थेंब घालायचे राहू देऊ नका.

तुमची लेक