तू पालथी पडलीस तेव्हा मी मारबत बघत होतो

नागपूर

चि. बबी,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू तुझ्या बाळाबद्दल दोनदा म्हणालीस, "पाच महिने झाले बाबा, अजून पालथा पडत नाही." शेजारणीचा मुलगा चौथ्या महिन्यातच पडला, हेही सांगितलंस. रात्री झोप लागेना म्हणून माळ्यावरची पत्र्याची पेटी काढली. १९९६ च्या कालनिर्णयची पानं तुझ्या आईने त्यात जपून ठेवली आहेत. दुधाचा हिशोब, गॅस लावल्याची तारीख आणि मधेमधे तू.

तू आलीस २० मार्चला. डॉक्टरांनी तारीख दिली होती १ मेची. म्हणजे सहा आठवडे आधीच. वजन १ किलो ९००. घरी आणल्यावर तुझी आजी तुला दिवसभर पदराआड छातीशी धरून बसायची. आम्हाला वाटायचं म्हातारीचा हट्ट. कमी वजनाच्या बाळांना असंच अंगाला अंग लावून ठेवायचं असतं, त्याला कांगारू पद्धत म्हणतात, हे मला फार नंतर कळलं.

मग मे महिना लागला. महाल भागातल्या त्या भाड्याच्या खोलीत कूलरचा झोत भिंतीकडे वळवून आम्ही तुझ्याकडे नुसते बघत बसायचो. तुझ्याच आठवड्यात जन्मलेला खालच्या मजल्यावरचा मुलगा आईला पाहून खुदकन हसायचा, आणि तू आमच्याकडे एखाद्या तपासनिसासारखी बघायचीस. आजी रोज विचारायची, "पोट्टी हासून काऊन नाही राह्यली वं?" तुझी आई स्वयंपाकघरात जाऊन रडायची. लोक यायचे, बाळ बघायचे आणि जाताना हळू आवाजात काहीतरी बोलून जायचे.

शेवटी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी कार्ड पाहिलं आणि म्हणाले, "लस सोडून बाकी सगळ्यासाठी जन्मतारीख विसरा. १ मेपासून मोजा." ३७ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळाचं वय असंच धरतात, पहिली दोन वर्षं तरी. लसीला मात्र ही सवलत नाही, ती खऱ्या वयाप्रमाणेच. त्रिगुणीचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वाताच्या लसीचा) पहिला डोस सहा आठवड्यांनी, म्हणजे नेमका १ मेला येत होता. महाराष्ट्र दिनाची सुट्टी, म्हणून २ तारखेला दिला. चौकटीत लिहिलंय, "लस. ताप. रात्रभर."

जूनच्या मध्यावर पहिला जोराचा पाऊस झाला आणि लाइट गेली. कूलर बंद. तुला घाम येऊ नये म्हणून मी हातपंख्याने वारा घालत अगदी वीतभर अंतरावर वाकलो होतो. तान्ह्या बाळाला सुरुवातीला तेवढ्याच अंतरावरचं बरं दिसतं, पाजताना आईचा चेहरा असतो तेवढ्या. तू आधी माझ्या कपाळाकडे पाहिलंस, मग डोळ्यांकडे, आणि एका बाजूने ओठ वर गेला. मग दुसऱ्या बाजूने. मी पंखा थांबवला तर कपाळाला आठ्या, पुन्हा हलवला तर पुन्हा हसू. १ मेपासून मोजलं तर सातवा आठवडा. बाळं सहा ते आठ आठवड्यांची झाली की हसतात. तुला उशीर झालाच नव्हता, हिशोब आमचा चुकला होता.

ऑगस्टच्या पानावर "मान धरली" एवढंच आहे. त्याच महिन्यात स्वतःच्या मुठीकडे बघत पडून राहायचीस, कुणाची तरी वस्तू सापडल्यासारखी.

त्या वर्षी अधिक आषाढ होता, म्हणून पोळा सप्टेंबरात आला. तान्ह्या पोळ्याच्या, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी मारबत, आपल्या नागपूरची ती पुतळ्यांची मिरवणूक, बघायला गेलो. दरवर्षी जायचो, तेव्हाही गेलो. घरात तू आणि आजी. परत आलो तर आजी दारातच उभी, "तुमी मारबत पाहून राहिले, अन् इकडे पोट्टी पालथी पडली!" मी दोन तास सतरंजीवर तुझ्यासमोर खुळखुळा वाजवत बसलो. तू काही पडली नाहीस. चौकटीत माझंच अक्षर आहे, "पालथी. मी नव्हतो." १ मेपासून मोजलेलं, म्हणजे दुरुस्त वय साडेचार महिने.

आता तुझ्या चिरंजीवाचं. तो पूर्ण दिवसांचा आहे, त्याला माझा १ मेचा हिशोब लागू नाही. पण पालथं पडायला चार ते सहा महिने कधीही चालतं. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने २०२२ मध्ये बाळाच्या वाढीच्या टप्प्यांची यादी बदलली. आधी निम्मी मुलं जे करतात ते लिहायचे, आता चारातली तीन करतात ते लिहितात. त्या यादीत पोटावरून पाठीवर वळणं सहाव्या महिन्याच्या खान्यात आहे. शिवाय तू त्याला उताणं झोपवतेस. तेच बरोबर आहे, आजी काहीही म्हणो. पण अशी मुलं जरा उशिराच वळतात. जागा असताना दिवसातून तीन-चार वेळा सतरंजीवर पोटावर ठेव, तू समोर आडवी हो. गादीवर नको, रुतून बसतो.

मी असतो तर दुसरंच काही बघितलं असतं. तो तुझ्याकडे टक लावून बघतो का, आवाजाकडे वळतो का, अंग फार सैल किंवा फार ताठ तर नाही ना. दोन्ही हात सारखे चालतात का, हे नक्की बघ. वर्षाच्या आत एकच हात पुढे येत असेल तर "उजवा आहे गं" म्हणून कौतुक करू नकोस, डॉक्टरांना दाखव. आणि येत असलेलं काही येईनासं झालं, तर त्याच दिवशी दाखव. बाकी शेजारणीच्या मुलाला त्याच्या आईकडे राहू दे.

उष्टावणाला मामा चांदीची वाटी घेऊन येतोय. तिकिटं काढली आहेत. त्याच्याबरोबर पानं पाठवतो. सप्टेंबरच्या पानामागे दुधाचा हिशोब आहे, त्यात दोन दिवस जास्त लावलेत. तुझ्या आईला अजून माहीत नाही.

तुझा,
बाबा