सही करून झाली आहे

ती. आई-बाबांस सा. न.

फोनवर सांगितलं असतं तर आई रडली असती आणि बाबांनी "बरं" म्हणून फोन तिच्या हातात दिला असता. म्हणून लिहितेय. इंडियानापोलिसच्या नोकरीच्या कागदावर सही केली. तीन वर्षं. आधी विचारलं नाही, हे चुकलंच. पण आत्यासारखं होणार नाही, मी तशी जाणार नाही.

बाबा, "वर्गणीवर कसली डॉक्टरेट?" असं तुम्ही गल्लीत हसून सांगता, मला कळतं. पण सुरुवात तुमच्याच वहीतून झाली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये वडगावात विणकरांच्या मागांपर्यंत पाणी आलं, तेव्हा देखाव्यासाठी जमलेले पैसे मंडळानं घराघरांत वाटले. वहीत तुम्ही लिहिलंत: "सूत", "मोटार", "औषध". घेणाऱ्याचं नाव कुठेच नाही.

क्लीव्हलँडच्या फ्रेडरिक गॉफ या बँकवाल्याला १९१४ साली हेच सुचलं होतं. दाता मरतो, मृत्युपत्रातली अट राहते आणि गरज मात्र बदलते. मग पैसा एकत्र ठेवावा, कुठे द्यायचा ते त्या त्या वेळच्या गावकऱ्यांनी ठरवावं. दोनच वर्षांनी आपल्या बेळगावात सात शिक्षकांनी केएलई ही शिक्षणसंस्था उभी केली. तिकडच्या पुस्तकांत गॉफ पानोपानी भेटतो, हे सात जण शोधावे लागतात. आणि तुमची वही तर कुणीच पाहिलेली नाही. पुण्यात राहूनही लिहिता आलं असतं म्हणाल. आलं असतं, कदाचित. पण दानावरच्या अभ्यासाचं अख्खं कॉलेज आहे इंडियानापोलिसला, बाबा.

खोलीत हीटर आहे. भात लावीन. जोंधळ्याचं पीठ शोधावं लागेल, पण आई, तू कुरियर करत बसू नकोस. लहानपणी बाबांच्या स्कूटरवर पुढे उभी राहून पावत्या मी फाडायचे, वेड्यावाकड्या, आणि बाबा प्रत्येकाला सांगायचे, "लेकीनं फाडलीय, चालवून घ्या." ते इतक्यात फार आठवतंय.

आता ऐका. बीपीची गोळी रात्री जेवल्यावर, सीरियल संपल्यावर नव्हे. टाकी बघायला बाबांनी गच्चीवर चढायचं नाही; खालच्या काकूंच्या मुलाशी मी बोललेय. आईचा गुडघा दिवाळीआधी दाखवायचाच. खर्चाचं मी बघते, त्यावर भांडण नको. गणपतीला येतेच.

वही रद्दीत देऊ नका. आणि बाबा, मी विचारलं म्हणून आता आठवून आठवून त्यात नावं भरू नका.

तुमची,
बेबी