नाव बाईचं, भात घरधन्याचं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पश्चिम आफ्रिकेतल्या शेतकरी बायकांवरचा कालच्या पुरवणीतला लेख वाचला. जुन्या रूढीमुळे बाईला जमीन मिळत नाही, तिच्या नावे पट्टा करा की प्रश्न मिटला, असं लिहून लेखक मोकळे झाले. वाचून राहवलं नाही म्हणून लिहितो.

पंपदुरुस्तीच्या कामासाठी मी तीन वर्षं गांबियात होतो. तिथल्या मांडिंका समाजाच्या गावांत पुरुषांचा भुईमूग वरच्या कोरड्या रानात आणि बायकांचं भात नदीकाठच्या दलदलीत, अशी वाटणी होती. बाईने स्वतः साफ करून कसलेलं खाचर म्हणजे तिचं 'कमन्यांगो'. त्यातलं भात तिचं, विकलं तर पैसेही तिचे. हे रूढीनेच दिलेलं होतं! घरच्या सामाईक शेताला 'मारुओ' म्हणत, तिथे शब्द घरधन्याचा.

१९८४ मध्ये जहाली-पाचारचा सिंचन प्रकल्प आला, वर्षाला दोन पिकं निघू लागली आणि त्याच दलदलीला भाव आला. वाफे आधी पुरुषांच्या नावे लागले. बायका भांडल्या, तेव्हा बहुतेक त्यांच्या नावे झाले, पण धरले गेले 'मारुओ'त. म्हणजे पट्टा झाला, आणि होतं ते हातचं गेलं.

एका दुपारी मी पंप खोलून बसलो होतो. एक वयस्क बाई आली. कमरेच्या वस्त्राची गाठ सोडून तिने प्लॅस्टिकात गुंडाळलेला कागद काढला आणि वाचायला दिला. मी तिचं नाव वाचलं. तिने ते पुन्हा एकदा वाचायला लावलं. पलीकडे बांधावर तिचा नवरा व्यापाऱ्याला पोती मोजून देत होता. तिने कागद परत गाठीत बांधला आणि विचारलं, पंप कधी सुरू होणार, रोपं वाळायला लागलीत.

सातबाऱ्यावर बायकोचं नाव लावून सगळा व्यवहार स्वतः करणारे आपल्याकडेही कमी नाहीत. त्यामुळे पीक विकतं कोण आणि पैसे कुणाच्या हातात पडतात, हे लेखकांना विचारावंसं वाटायला हवं होतं.

आणखी एक. लेखासोबतच्या नकाशात गांबियाऐवजी झांबिया रंगवला आहे. तो देश आफ्रिकेच्या दक्षिण भागात येतो, शाळकरी मुलंही तुमची पुरवणी कापून ठेवतात. दुरुस्ती त्याच पानावर, नकाशासह छापावी.

आपला,
एक जुना वाचक, पलूस (जि. सांगली)