रविवारच्या बैठकीबद्दल

मैत्रिणींनो, नमस्कार.

महिला दिनाची बैठक येत्या रविवारी दुपारी ४ वाजता समाजभवनात आहे. यंदा फेटे, संगीत खुर्ची, पाहुण्यांचं भाषण काही नाही. प्रत्येकीने वर्षभरात स्वतः निभावलेलं एक काम सांगायचं. बँकेचा फॉर्म एकटीने भरला, स्कूटी शिकली, सासऱ्यांचं आजारपण काढलं, काहीही चालेल. "मी काय, घरीच असते" हे मात्र चालणार नाही. मडक्यावर लांब रोटी टाकणाऱ्या बाईने तर ते मुळीच म्हणू नये; तो हात भल्याभल्यांना साधत नाही!

सुरुवातीला जाईबाई चौधरींबद्दल थोडं वाचन होईल. कधीकाळी हमाली केलेल्या या बाईंनी १९२२ मध्ये आपल्या नागपुरात मुलींची शाळा काढली. जुलै १९४२ मध्ये इथेच सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिला परिषद भरली होती, त्याबद्दलही बोलू. आपल्या कितीजणींना हे माहीत आहे, कोण जाणे.

घरी कामाला येणाऱ्या ताईंनाही सोबत आणा. त्याही बोलतील, आणि खुर्च्या सगळ्यांना सारख्याच.

सांबारवडीचा अंदाज यावा म्हणून शुक्रवारपर्यंत ग्रुपवर नाव टाका. मागचं गेट बंद राहील, समोरून या.