एपिड्यूरलनंतर कापरं भरलं तर पायाला शेक देऊ नका

संपादक महोदय,

पाठीत एपिड्यूरल, म्हणजे कमरेखालचा भाग बधीर करणारी भूल दिलेला पेशंट थडथड कापायला लागला की आपल्याकडे आधी कोणीतरी गरम पाण्याची पिशवी आणायला धावतं, आणि ती ठेवतात कुठे तर नेमकी पायाशी. आमच्या वाड्यावरच्या एका बाळंतिणीला असंच झालं, पोटरीवर हा एवढा फोड आला आणि तिला पत्ताच नाही, कारण पाय बधीर. हॉस्पिटलचं नाव घालत नाही, पण घरच्यांना तिथे कोणी दोन शब्द सांगितले असते तर एवढं झालंच नसतं. मी थेटरात सिस्टर होते, आता रिटायर झालेय, म्हटलं आपणच लिहूया.

खरं म्हणजे त्या वेळी पाय थंड नसतातच. हात लावून बघा, पाऊल गरम, कोरडं, वरच्या शिरा फुगलेल्या. आपल्या अंगात सिम्पथेटिक नावाच्या नसा असतात, छातीच्या पहिल्या मणक्यापासून कमरेच्या दुसऱ्या मणक्यापर्यंतच्या भागातून त्या बाहेर पडतात आणि रक्तवाहिन्या कायम थोड्या आवळून धरतात, घाम आणण्याचं कामही त्यांचंच. या नसा बारीक, त्यामुळे बुपिव्हाकेन, रोपिव्हाकेन अशी बधीर करणारी औषधं त्यांना लवकर गाठतात. मग आवळून धरणारं कोणी राहत नाही, पायातल्या वाहिन्या सैल पडतात, रक्त तिकडे उतरतं आणि पावलाची कातडी दोन-चार डिग्रीने सहज तापते. आमचे एक भूलतज्ज्ञ, भूल चढली का ते सुई टोचून बघायच्या आधी, पायाचा अंगठा चाचपायचे आणि म्हणायचे, हां, लागलं. बीपी उतरतं तेही यामुळेच, म्हणून तर सलाईन लावलेलं असतं आणि दंडावरचा पट्टा सारखा फुगत राहतो, त्याला घाबरू नये.

हे काही आजचं ज्ञान नाही. क्लोद बर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञांनी 1850 च्या सुमारास सशाच्या मानेतली ही नस कापून दाखवलं होतं, त्या बाजूचा कान लालेलाल आणि गरम. कमरेतून एपिड्यूरल देण्याची पद्धत फिदेल पाजेस या स्पॅनिश लष्करी सर्जननी 1921 मध्ये लिहून ठेवली.

मग पाय गरम तर थंडी कसली वाजते? अहो, ती गरमी बाहेरून आलेली नसते, पोटाछातीतलीच पायाकडे गेलेली असते. टाकीतलं गरम पाणी घरातल्या सगळ्या नळांना एकदम सोडलं तर टाकी निवणारच. आतलं 37 डिग्रीचं तापमान पहिल्या तासाभरात अर्धा ते एक डिग्री खाली येऊ शकतं, त्यात थेटरातला एसी, थंड सलाईन आणि अंगावर तो पातळ हिरवा कपडा. बाहेर मे महिन्यातला गोव्याचा उकाडा असला तरी आत काही फरक पडत नाही! कापरं पण बघा कुठे भरतं, खांदे, हात, जबडा, कारण कमरेखालच्या स्नायूंना कापताच येत नाही. हात मात्र थंडगार, वरच्या नसा चालू असतात ना, त्या उलट जास्तच आवळतात. आणि पुष्कळ पेशंट स्वतः सांगतात मला बरं वाटतंय, कारण मेंदूला पायाकडून सगळं गरम आहे असंच कळत असतं. म्हणून नुसतं विचारून भागत नाही, थर्मामीटर लावावाच लागतो.

तर शेक नको. खांदे, छाती, डोकं झाका, ब्लँकेट मागा, सलाईन कोमट करून मिळतं का आणि गरम हवेचं ब्लँकेट आहे का विचारा, ते ऑपरेशनच्या आधीपासून लावलं तर जास्त उपयोग होतो. कापरं थांबत नसेल तर त्यावर इंजेक्शनं आहेत, डॉक्टर देतील. एपिड्यूरल बराच वेळ चालू असताना काही बाळंतिणींना उलटा तापही येतो, तो दर वेळी इन्फेक्शनचाच असतो असं नाही, पण डॉक्टरांना कळवायचा, घरी ठरवायचं नाही.

गोव्यात वैद्यकीय शिक्षण 1842 पासून चालू आहे, आणि अजून संमतीच्या सहीचा कागद बहुतेक वेळा इंग्रजीतच पुढे येतो. त्यावर मराठीत आणि कोंकणीत एवढं एक वाक्य छापा की पाय बधीर असेपर्यंत गरम पिशवी लावायची नाही. आणि वॉर्डात सोबतीला बसते ती बहुतेक सासू नाहीतर आई, सही नवऱ्याची घेतली तरी हे तिला सांगा.

– एक निवृत्त परिचारिका, फोंडा