काकू, आई गाडी चालवते आहे!

ती. स्व. काकूंना,
सा. न. वि. वि.

(बाबांनी खांद्यावरून डोकावून मायना तपासला आहे. 'तीर्थरूप' फक्त आईवडिलांना, शेजारच्या काकूंना 'तीर्थस्वरूप', असं बजावलंय. त्यावरून त्यांची तब्येत ठणठणीत आहे हे तुम्ही ओळखलं असेलच.)

परत येऊन नऊ दिवस झाले. तुमचे आभार मानायला मी दोनदा खाली आले आणि दोन्ही वेळा तुम्ही 'चॉकलेटं कुठायत?' म्हणून विषय बदललात. म्हणून आता सगळ्यांदेखत लिहिते. बदला विषय!

पाडव्याचा दिवस आठवतोय ना? तुम्ही आमच्याकडे श्रीखंडाला आला होतात. लिफ्ट चालू होती, हाही योगच. दादाचा न्यू जर्सीहून फोन आला होता की जूनमध्ये मुलांना घेऊन ऑर्लँडोला, डिस्ने वर्ल्डला जायचं आणि आजी-आजोबांशिवाय मुलं जाणार नाहीत. बाबा लगेच हो म्हणाले. मी नकाशा उघडला आणि माझंच अवसान गेलं. १९७१ साली सुरू झालेली ही जागा जवळजवळ शंभर चौरस किलोमीटर पसरलेली आहे आणि तिच्यात चार वेगवेगळी पार्कं आहेत. त्यातल्या एपकॉटमध्ये एका तळ्याभोवती अकरा देश मांडलेत, त्यांची नुसती एक फेरी दोन किलोमीटरच्या घरात जाते. बाबांनी वर्षानुवर्षं रोज पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढल्या, कबूल. पण गेल्या दिवाळीपासून त्यांना सारसबागेतल्या गणपतीपर्यंत जाताना वाटेत दोनदा बाक लागतो. आईचे गुडघे बरे आहेत, पण तिला दम लागतो आणि ती तो लपवते. मधेच थांबून फुलं बघते.

मी भीतभीत म्हटलं, तिथे भाड्याने मोबिलिटी स्कूटर, म्हणजे चालायला त्रास होणाऱ्यांसाठीची बॅटरीवरची गाडी मिळते, काकूंकडे आहे तशी. बाबा ताडकन म्हणाले, "त्या गाडीवर? मी काय पांगळा झालो का?"

आणि मग त्यांना दिसलं की तुम्ही समोरच बसला आहात, कॅलिपर लावलेला पाय पुढे करून. आईचा चमचा वाटीत तसाच राहिला. तुम्ही मात्र शांतपणे पुरी मोडलीत आणि म्हणालात, "नाही हो भावजी, पांगळी मी. पण मला गाडी येते. तुम्हाला येत नाही, एवढाच फरक."

बाबांना पांगळं म्हटलेलं एक वेळ चाललं असतं, पण गाडी येत नाही म्हणजे काय! आकुर्डीला बजाजमध्ये एकतीस वर्षं ज्यांनी स्कूटरी जुळवल्या, चेतक कुठल्या बाजूला किती तिरकी करून किक मारली की सुरू होते हे आख्ख्या आळीला ज्यांनी शिकवलं, त्यांना? दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता ते इस्त्रीचा शर्ट घालून पार्किंगमध्ये हजर होते.

ती सकाळ मी विसरणार नाही. बाबांनी आधी गाडीला एक प्रदक्षिणा घातली. मग डाव्या हाताने क्लच शोधला. "गिअर नाही, किक नाही, स्टेपनी नाही. ही कसली स्कूटर?" तुम्ही म्हणालात, "तुमची चेतकसुद्धा आता विजेवर चालते, तिला विचारा." वेगाच्या बटणाच्या एका टोकाला कासव आणि दुसऱ्या टोकाला ससा बघून त्यांना हसू आलं आणि अर्थातच त्यांनी बटण सशावर नेलं. दहा सेकंदांत गाडी तुमच्या मोगऱ्याच्या कुंडीवर. त्या कुंडीचे पैसे तुम्ही अजून घेतलेले नाहीत.

तेव्हा तुम्ही जे सांगितलंत ते आम्हा कुणाच्या डोक्यातही आलं नसतं. आयुष्यभर स्कूटर चालवलेल्या माणसाच्या हाताला थांबायचं म्हणजे आवळायचं हे ठाऊक असतं. या गाडीत अंगठ्याखालचा खटका दाबला की ती पळते आणि सोडला की आपोआप ब्रेक लागतो. घाबरून मूठ आवळली तर अंगठाही दाबला जातो. "तुम्हाला काही शिकायचं नाहीये, एक सवय तेवढी सोडायची आहे," असं म्हणून तुम्ही बाबांना वीस वेळा नुसतं 'सोडा' करायला लावलंत. सोडा, सोडा, सोडा. वरच्या मजल्यावरून कुणीतरी विचारलं, काय सोडायचंय?

पण काकू, खरे आभार बाबांबद्दल नाहीतच. आम्ही तुमच्याकडे आलो होतो बाबांसाठी. आई चहाचा थर्मास घेऊन जिन्यापाशी उभी होती, नेहमीसारखी. तुम्ही मला बाजूला घेऊन म्हणालात, "एक गाडी घेऊ नकोस, दोन घे. एक बसला आणि दुसरा चालत राहिला की बसलेल्याला चैन पडत नाही, तो उतरतो. मग दोघंही चालतात आणि गाडी तू ढकलतेस." आणि मोठ्याने, "वहिनी, या. थर्मास ठेवा तो."

आई म्हणाली, "मला कशाला?"

माझ्या आईचा सगळा स्कूटरप्रवास मागच्या सीटवर झालाय. दोन्ही पाय एका बाजूला, एक हात बाबांच्या खांद्यावर, दुसऱ्यात मंडईची पिशवी, मधे दादा आणि पुढे उभी मी. तोंडाला स्कार्फ बांधून बायका सर्रास गाड्या पळवतात त्या पुण्यात राहून आईच्या हातात कधी हँडल आलं नाही. कुणी अडवलं नव्हतं. कुणी विचारलं नव्हतं, एवढंच. आणि त्या 'कुणी'त मीही आहे, कारण माझी पहिली गाडी घेतली तेव्हा मीसुद्धा तिला मागेच बसवलं.

तिने पदर खोचला. तुम्ही बटण कासवावर आणलंत आणि किल्ली तिच्या हातात दिलीत. ती फाटकापर्यंत गेली. वळता येईना, पण तिने कुणाला हाक मारली नाही. पुढे-मागे, पुढे-मागे, रिव्हर्सचं टीं टीं वाजवत तिने बहुतेक अकरा वेळा गाडी हलवली आणि वळवून आणली. वॉचमनने सलाम ठोकला. तिचा चेहरा मी इथे लिहिणार नाही, तुम्ही पाहिलाय.

त्यानंतरचे दोन महिने तुम्ही ज्या चिकाटीने आमच्या मागे लागलात! भाड्याची चौकशी करताना तुमचा पहिलाच प्रश्न होता, "गाडी दाराशी मिळते की गाडीपर्यंत चालत जायचं?" त्या एका प्रश्नामुळे मला शोध लागला की पार्कात मिळणारी गाडी आधी नोंदवता येत नाही, जो आधी पोचेल त्याला मिळते आणि ती पार्काबाहेर नेता येत नाही. म्हणजे हॉटेल ते बस आणि बस ते फाटक पायीच. म्हणून आम्ही बाहेरच्या कंपनीकडून आठवडाभरासाठी हॉटेलवर मागवल्या. तीन चाकांची वळायला बरी, पण वळणावर कलंडते, बाबांचा ससा लक्षात घेता चार चाकांचीच घे, हेही तुमचंच.

तिसऱ्या सकाळी बाबांची गाडी हलेना. दिवा लागतो, रात्रभर चार्जिंगला लावलेली, तरी ढिम्म नाही. कंपनीचा फोन नुसता संगीत ऐकवत होता. बाबा चाकाशी वाकून बसले, स्क्रू-ड्रायव्हर मागू लागले. आई म्हणाली, "मागचा दांडा बघा. काकूंनी दाखवला होता तो." आदल्या रात्री कुणीतरी गाडी ढकलून बाजूला करताना मोटरपासून चाकं मोकळी करणारा तो दांडा तसाच ठेवला होता. आईने तो खाली केला आणि काहीही न बोलता पुढे निघाली. एकतीस वर्षं आकुर्डीला काढलेला माणूस तिच्या मागून!

मॅजिक किंगडम या पार्कातल्या मेन स्ट्रीटवर घोड्याच्या ट्रामचे रूळ आहेत, बारीक चाक त्यात अडकतं. "ड्रेनेजच्या जाळीसारखं समज, काटकोनात ओलांड," हे आई नातवाला सांगत होती. दुपारी फ्लोरिडाचा पाऊस कोसळला तेव्हा सगळे रेनकोट शोधत असताना तिने पिशवीतून तुमची शॉवर कॅप काढली आणि हँडलवरच्या बटणांवर चढवली. बसमध्ये रॅम्पवरून आधी चढताना रांगेतल्या लोकांच्या नजरा टोचायच्या. पहिल्या दिवशी बाबांनी मान खाली घातली होती, चौथ्या दिवशी ते ड्रायव्हरला पट्टे कुठून बांधायचे ते खुणेने सांगत होते.

बाबांना सगळ्यात काय आवडलं माहितीये? आगगाडी. तिथली चारही वाफेची इंजिनं १९१६ ते १९२८ या काळात फिलाडेल्फियाला बाल्डविन कंपनीने बनवली. ती मेक्सिकोतल्या युकातानमध्ये राबत होती, तिथून विकत आणून नवी केली. बाबा अर्धा तास कठड्याला टेकून बघत राहिले. मग म्हणाले, "आपली पेशवे पार्कातली फुलराणी काही कमी नाही." ही त्यांच्याकडून मिळणारी सर्वोच्च पावती, हे तुम्ही जाणताच.

एपकॉटची ती फेरी आम्ही पूर्ण केली. मेक्सिकोपासून कॅनडापर्यंत. आई पुढे, बाबा मागे. जपानपाशी ती थांबली, वळून बघितलं, "येताय ना?" म्हणाली. आणि काकू, तिने फुलं बघितली नाहीत.

मोठ्यांना नमस्कार. कळावे, लोभ असावा, ही विनंती.

तुमची,
दुसऱ्या मजल्यावरची

ता. क. शॉवर कॅप धुऊन ठेवली आहे, पण ती परत द्यायला मी येणार नाही, आई स्वतः येईल. उद्या सकाळी साडेसहाला तुमची गाडी मोकळी आहे का, असं विचारतेय. सारसबागेपर्यंत जायचंय म्हणे. बाबांनी सोबत येऊ का विचारलं, तर म्हणाली, चालत या.