आरोग्यमंत्री साहेब, माझ्या डोळ्यांची सूज कोण मोजणार?

मा. आरोग्यमंत्री साहेबांस,

निपाणी भागातल्या एका बाईचा नमस्कार. मागच्या डिसेंबरात बेळगावात अधिवेशन होतं तेव्हा आमच्याकडच्या शिबिरात एक मोठे अधिकारी आलेले, माईकवर सांगून गेले की थायरॉईडच्या डोळ्यांची तपासणी दोन महिन्यात जिल्ह्यात चालू करतो. काल विचारायला गेले तर असलं काही आलेलंच नाही म्हणे, वर फॉर्म हातात दिला तोही नुसता कन्नडमध्ये.

मला ग्रेव्हज आहे, म्हणजे थायरॉईडचा आजार, त्यात डोळ्यांना सूज येते. दीड वर्ष झालं डोळे बाहेर आलेत, झोपताना पापण्या मिटत नाहीत, पट्टी चिकटवून झोपते. जिना उतरताना एकाच्या दोन पायऱ्या दिसतात. पहिले चार महिने तर ॲलर्जी म्हणून थेंबच घालत बसले. लेकीच्या गॅदरिंगला गेले नाही, पोरं माझ्याकडं बघून घाबरतात हो.

सूज चालू आहे तोवरच स्टेरॉईडचा उपयोग होतो, 12 आठवडे, दर आठवड्याला सलाईन. सूज निवल्यावर दिलं तर फायदा काही नाही, साखर आणि लिव्हरचा धोका मात्र तोच. आता सूज चालू आहे हे ठरवायचं कसं, तर सात लक्षणं बघतात, तीन भरली की चालू. पण लाली किती ते ज्याच्या त्याच्या नजरेवर. इथले डॉक्टर म्हणाले तीन, कोल्हापूरचे म्हणाले दोन. मी कुणाचं ऐकू?

थर्मल कॅमेरा, म्हणजे अंगाची ऊब टिपणारा, इथंच कामाला येतो. सुजेच्या जागी रक्त जास्त म्हणून ऊब जास्त, ती आकड्यात दिसते, औषध लागू पडलं की उतरते. हात लावायचा नाही, एक्स-रे नाही, खोली एकसारखी गार ठेवायची आणि पेशंटला थोडा वेळ शांत बसवायचं, बास. नुसत्या त्यावर निदान होत नाही हे मलाही कळतं, पण दर महिन्याचे फोटो शेजारी ठेवले तर डॉक्टरला आधार होईल की. कोविडात गेटागेटावर ताप मोजायची यंत्रं होती, मग आमच्या डोळ्यांसाठी एक कॅमेरा मिळत नाही?

आणि बिडी-तंबाखूचा हा मुलूख, धुरानं हा आजार जास्त चिघळतो, एक पोस्टर तरी कुठं लावलंय का? 2023 ला महाराष्ट्रानं सीमाभागातल्या 865 गावांना फुले योजना, म्हणजे मोफत उपचाराची योजना, द्यायची म्हटलं त्यावरनंही दोन सरकारं भांडली. 2004 पासून सीमेची केस सुप्रीम कोर्टात आहे, जमीन सगळ्यांना पायजे, त्या जमिनीवरचं आजारी माणूस कुणालाच नको.

आज सकाळी उजव्या डोळ्याला कुंकू फिकं दिसलं. डॉक्टरांनी सांगून ठेवलंय, लाल रंग फिका दिसला तर नस दाबली गेली असंल, त्याच दिवशी या. दुपारच्या एसटीनं कोल्हापूरला निघालेय, हे बसमध्येच टाईप करतेय, एक डोळा झाकून.